नव्या कोंबड्या घरी आणल्यावरचे तीस दिवस

नाशिकच्या मखमलाबादला आमच्या घरामागे अकरा कोंबड्या होत्या. सगळ्या घरच्याच अंड्यांतून उबवलेल्या. एकदा आठवडे बाजारातून मी पाच तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, आणल्या. भाव नेहमीपेक्षा बराच कमी होता आणि मी तेवढ्यावरच खूश होते. रात्री अंधारात त्यांना खुराड्यात सोडलं, कारण अंधारात सोडल्या की जुन्या कोंबड्या नव्यांना मारत नाहीत असं सगळेच सांगतात. सहाव्या दिवशी जुन्यांपैकी एक पंख पाडून कोपऱ्यात बसली. नवव्या दिवशी दुसरीची मान वळून पाठीवर गेली. पंधरा दिवसांनी सोळापैकी तीन उरल्या, आणि त्या तिघींपैकी दोन बाजारातून आणलेल्याच होत्या.

भाव कमी का होता, याचा विचार मी नंतर केला. गावात मानमोडी हा कोंबड्यांचा साथीचा रोग शिरला की पहिल्या दोन-चार कोंबड्या मरतात आणि उरलेल्या माणूस घाईघाईने बाजारात नेतो. दिसायला त्या चांगल्याच असतात. विकणाऱ्याला तरी दोष किती द्यायचा? त्याचंही घर त्यावर चालतं. पण आखाडाच्या तोंडावर, जत्रांच्या दिवसांत, ऋतू पालटताना कोंबड्या अशाच गावोगाव फिरतात आणि रोगही त्यांच्याबरोबर फिरतो. म्हणून आता माझा नियम असा आहे की नवी कोंबडी कुठूनही येवो, अगदी सख्ख्या मावशीकडून आली तरी, तीस दिवस वेगळी राहील. ती आजारी दिसते म्हणून नव्हे. ती आजारी *दिसत नाही* म्हणूनच.

आणण्याच्या आधी जागा करा

कोंबडी हातात आल्यावर जागा शोधायला गेलात तर ती शेवटी जुन्या खुराड्यातच जाते. तेव्हा जागा आधी. जुन्या कोंबड्यांपासून निदान तीस-चाळीस फूट लांब हवी. तेवढं अंगण नसेल तर घराची दुसरी बाजू, गच्ची, जिन्याखालचा कोपरा, काहीही चालेल. फक्त एकीचं पाणी वाहत दुसरीकडे जाऊ नये आणि वारा नव्यांकडून जुन्यांकडे येऊ नये. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा नव्यांना पूर्वेच्या अंगाला ठेवलेलं बरं.

पिंजरा विकतच आणायला हवा असं नाही. नाशिकमध्ये द्राक्ष-टोमॅटोचे प्लास्टिकचे क्रेट आणि बागेची जुनी जाळी कुणाकडे नसते? क्रेट मात्र साबणाने घासून उन्हात कडक वाळवून घ्या. खाली भाताच्या तुसाची दोन-तीन इंचांची गादी करा. इगतपुरी-त्र्यंबकच्या भातगिरण्यांवर तूस सहज मिळतं, नाहीतर लाकडाचा भुसा घ्या. चिमण्या आणि उंदीर आत येणार नाहीत इतकी जाळी बारीक हवी. थंडीत निफाडकडे पारा पार खाली जातो, तेव्हा तीन बाजूंनी बारदान लावा, पण वरची हवा मोकळी ठेवा. कोंदट हवेत विष्ठेचा उग्र वास साठतो, त्याने डोळे-नाक चुरचुरतं आणि नसलेली सर्दी असल्यासारखी वाटते.

नव्यांसाठी वेगळं पाण्याचं भांडं, वेगळी खाद्याची ताटली, वेगळा झाडू आणि, हे बहुतेक जण विसरतात, वेगळी चप्पल. मानमोडी बऱ्याचदा चपलेच्या तळव्याला चिकटलेल्या विष्ठेतून पोहोचते. माझ्याकडे एक जुनी रबरी चप्पल फक्त त्या कोपऱ्यासाठी आहे, ती तिथून हलत नाही.

एक इशारा खास आपल्या भागासाठी. जंतुनाशक फवारायला बागेतला औषधाचा पंप वापरू नका. कितीही धुतला तरी त्यात कीटकनाशकाचा अंश राहतो, आणि मग रोग कुठला अन् विषबाधा कुठली हे कळायला मार्ग उरत नाही.

विकत घेताना

आधी लांबून पाहा. कोंबडी आजार लपवते. माणूस जवळ आला की आजारी कोंबडीही मान ताठ करून उभी राहते. पाच मिनिटं बाजूला थांबलात तर कोण डोळे मिटून पिसं फुलवून बसते ते दिसतं. मग हातात घ्या. डोळे स्वच्छ आणि गोल हवेत, फेस नको. नाकपुड्या कोरड्या हव्यात. गुदद्वाराभोवतीच्या पिसांना विष्ठा चिकटलेली नको. पंखाखाली आणि गुदद्वाराजवळ पिसं उलटी करून उवा दिसतात का बघा. छातीचं हाड सुरीसारखं हाताला लागलं तर कोंबडी बरेच दिवस नीट खात नाहीये. कानाजवळ धरून श्वास ऐका. अंग गरम लागलं तर घाबरू नका, कोंबडीचं तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश असतं. हात लावून तिचा ताप कळत नाही.

त्याच डालग्यातली एक जरी आजारी दिसली तर त्यातली एकही घेऊ नका. "ती एकटीच मरतुकडी आहे ताई, बाकीच्या झकास आहेत," असं विक्रेता म्हणेल. एका डालग्यात, एका श्वासात बसलेल्या कोंबड्यांत एकटीच आजारी असं फारसं काही नसतं.

लस झाली का, कोणती, केव्हा, हे विचारा. गिरिराज, वनराज, सोनाली अशी सुधारित पिल्लं उबवणी केंद्रातून घेत असाल तर पहिल्याच दिवसाची मॅरेक्स या रोगाची लस दिली आहे का हेही विचारून घ्या. ती नंतर देऊन उपयोग होत नाही. आणि जमलंच तर बाजारापेक्षा एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी, सगळ्या एका वयाच्या घ्या.

पहिला आठवडा

घरी आल्यावर पहिले काही तास फक्त पाणी, त्यात चिमूटभर मीठ आणि थोडा गूळ. मग खाद्य. पहिल्या दिवशी विष्ठा पातळ पडली तर ते बहुतेक प्रवासाच्या ताणाने असतं. दोन दिवसांत सावरायला हवी.

कामाचा क्रम ठरवून टाका. रोज आधी जुन्या कोंबड्या, मग नव्या, मग साबणाने हात. उलट कधीच नाही. मुलांना नव्यांकडे जाऊ देऊ नका, आणि कोंबडीला हात लावून कोणीही तसंच जेवायला बसू नये. कोंबडीच्या विष्ठेतले साल्मोनेलासारखे जंतू माणसालाही हगवण लावतात.

एक वही ठेवा. मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते आणि पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. पाच कोंबड्यांना अर्धा किलो घातलं आणि संध्याकाळी निम्मं उरलं, तर कोणीतरी आजारी पडतंय. लक्षणं दिसायच्या आधी हा आकडा बोलतो. मी स्वयंपाकघरातला वजनकाटाच वापरते, त्यावरून घरात वाद झाले, पण तो मुद्दा वेगळा.

रात्री नऊ-दहाला, सगळ्या झोपल्यावर, दिवा न लावता पिंजऱ्याजवळ दोन मिनिटं उभं राहा. श्वासाची घरघर, शिंक, बारीक शिट्टीसारखा आवाज दिवसाच्या कलकलाटात ऐकूच येत नाही. सर्दी मला प्रत्येक वेळी अशीच कळली आहे.

विष्ठेबद्दलही सांगायला हवं, कारण त्यावरून लोक उगाच घाबरतात. तपकिरी-करडी आणि वर पांढरी टोपी, ही नेहमीची. दिवसातून काही वेळा चॉकलेटी, चिकट, घाण वासाची पडते, तीही निरोगीच. हिरवीगार पातळ, पाण्यासारखी पांढरी किंवा ताजं रक्त असलेली दिसली तर मात्र लक्ष द्या. उन्हाळ्यात दुपारी चोच उघडून धापा टाकणं हे गरमीचं, विशेषतः मालेगाव-सिन्नरकडे. सावलीत आणि गार पाण्यावर थांबतं. पहाटेच्या गारव्यातही चोच उघडी असेल तर ते आजाराचं.

तीस दिवसच का? मानमोडी अंगात शिरल्यावर बहुतेक वेळा पाच-सहा दिवसांत दिसते, पण पंधरा दिवसही घेऊ शकते. नाकाडोळ्यांची सर्दी एक ते तीन दिवसांत. देवी चार ते दहा दिवसांत. मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूची जुनाट सर्दी तीन आठवडेही लपून बसते. आठ दिवस वेगळ्या ठेवून "काही झालं नाही" म्हणणाऱ्याने फक्त निम्मी परीक्षा घेतलेली असते.

काहीतरी बिनसलंय असं वाटलं तर

पहिलं काम औषध नव्हे. पहिलं काम ती एक कोंबडी नव्यांमधूनही बाजूला काढणं. म्हणजे आता तीन जागा झाल्या, जुन्या, नव्या आणि आजारी, आणि रोजचा क्रमही तोच. दुसरं, वहीत लिहा: कधीपासून, किती जणींना, खाणं-पाणी किती, विष्ठा कशी, शेवटची लस कधी. मोबाइलवर श्वासाचा आणि चालण्याचा व्हिडिओ काढा. तिसरं, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. पशुसंवर्धनाचा मोफत फोन क्रमांक १९६२ आहे. कोंबडी घेऊन दवाखान्यात जाण्यापेक्षा आधी फोन करून विचारा, कारण वाटेत आणि रांगेत तुमचा रोग दुसऱ्याच्या कोंबड्यांना लागू शकतो.

आणि चौथं, घरातल्या अर्धवट राहिलेल्या गोळ्या चुरून पाण्यात घालू नका. मानमोडी, देवी, बर्ड फ्लू हे विषाणूंचे रोग आहेत, त्यांना प्रतिजैविक लागूच पडत नाही. उलट अंड्यात औषध उतरतं. कोलिस्टिन नावाच्या प्रतिजैविकाला तर खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत २०१९ पासून देशात बंदी आहे. डॉक्टरांनी औषध दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे त्यांच्याकडून तेव्हाच विचारून घ्या आणि वहीत लिहा.

मानमोडी

यालाच राणीखेत म्हणतात. लस न झालेल्या कळपात हिच्यासारखा दुसरा काळ नाही. चोच उघडून श्वास, हिरवट-पांढरी हगवण, अंडी एकदम बंद किंवा मऊ कवचाची, मग पंख-पाय लुळे आणि मान वळणं. सगळ्यांना सगळी लक्षणं येत नाहीत. मान वळण्याच्या आधीच बऱ्याच मरतात. इलाज नाही. वाचलेल्या कोंबडीची मान कधीकधी कायमची वाकडी राहते.

मानमोडीची शंका आली की त्या दिवसापासून घरातून एकही कोंबडी, अंडं, पिसं किंवा खत बाहेर जाऊ देऊ नका, आणि शेजारच्या कोंबड्या आत येऊ देऊ नका. शेजाऱ्यांना सांगा. लाज वाटते, मलाही वाटली होती, पण शेजारच्या काकूंनी ऐकून त्याच दिवशी आपल्या कोंबड्या डांबल्या आणि त्यांच्या सगळ्या राहिल्या. उरलेल्या विकून टाकायचा मोह होईल. माझ्या कोंबड्या ज्या विचाराने गेल्या, तोच हा विचार.

आजारी कळपाला घाईत लस टोचू नका. आत रोग असताना वरून जिवंत विषाणूची लस, म्हणजे दुप्पट ओझं. कुणाला द्यायची, कुणाला नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं. या विषाणूने हाताळणाऱ्या माणसाचे डोळेही कधीकधी लाल होतात, तेव्हा कोंबडीला हात लावलेला हात डोळ्याला लावू नका.

सर्दी

इथे फसगत सगळ्यात जास्त. तोंड एका बाजूने सुजतं, डोळा मिटतो, नाकातून घट्ट, घाण वासाचा स्राव येतो, हा कोरायझा. प्रतिजैविकाने तो बरा होतो आणि माणूस निश्चिंत होतो. पण बरी झालेली कोंबडीही जंतू बाळगून असते. मायकोप्लाझ्माच्या सर्दीतही तेच, एकदा लागली की कोंबडी जन्मभर वाहक. तिला स्वतःला काही होत नाही, थंडी पडली की दोन शिंका. तिच्याजवळच्या नव्या कोंबड्या मात्र पडतात. म्हणून नव्यांमध्ये ही सर्दी निघाली तर माझं मत कठोर आहे: त्यांना जुन्यांत कधीच मिसळू नका. वेगळाच कळप म्हणून ठेवा, नाहीतर ठेवूच नका. आणि हेही लक्षात घ्या की रोग उलटाही जातो. तुमच्या धट्ट्याकट्ट्या जुन्या कोंबड्याच वाहक असतील तर नव्या आजारी पडतील आणि तुम्ही बाजाराला शिव्या द्याल.

रक्ती हगवण, देवी

रक्ती हगवण म्हणजे कॉक्सिडिओसिस. बहुतेक तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना, आणि बहुतेक पावसाळ्यात. पिल्लू कुबड काढून, पिसं फुलवून बसतं आणि विष्ठेत रक्त येतं. यावर अॅम्प्रोलियम पाण्यातून देतात आणि वेळेत दिलं तर पिल्लं वाचतात. त्या दिवसांत बी-व्हिटॅमिनचं टॉनिक देऊ नका, ते या औषधाच्या विरुद्ध काम करतं. खरा इलाज कोरडी गादी. ओलं तूस रोज काढा, पाण्याचं भांडं विटेवर उंच ठेवा. या रोगाच्या परजीवीच्या सूक्ष्म अंड्यांना ब्लीचिंग काही करत नाही, त्यांना कडक ऊन आणि कोरडेपणाच मारतो.

देवी ओळखायला सोपी. तुऱ्यावर, डोळ्यांच्या कडेला, चोचीजवळ खपल्या येतात. डास पसरवतात. खपल्या ओढून काढू नका, गळून पडलेल्या खपल्यांतही विषाणू असतो. कोंबडी खात-पीत असेल तर तीन-चार आठवड्यांत बरी होते. हळद-तेलाने खपली मऊ पडते एवढंच. तोंडाच्या आत पिवळट थर आला तर मात्र डॉक्टर.

एकदम मेल्या तर

एक-दोन दिवसांत दोन किंवा जास्त कोंबड्या काही कारण न दिसता मेल्या, तुरा निळा-जांभळा पडला, डोकं सुजलं, पायांवर रक्ताचे डाग दिसले, तर बर्ड फ्लूची शक्यता धरूनच चाला. जोरदार मानमोडीही अशीच दिसते. डोळ्यांनी फरक कळत नाही, प्रयोगशाळेतच कळतो. देशातली या रोगाची पहिली नोंद झाली ती फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला, आपल्याच नाशिक विभागातल्या नंदुरबार जिल्ह्यात. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात तो पुन्हा आला. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर धरण हिवाळ्यात परदेशी बदकांनी भरतं, आणि अशा बदकांबरोबर हा विषाणू येऊ शकतो. पाहायला जरूर जा, पण त्या काठाच्या गावांत परसातल्या कोंबड्या त्या महिन्यांत धरणाच्या पाण्यावर सोडू नका, आणि पक्षी पाहून आलात तर बूट बाहेर काढा.

अशा वेळी मेलेली कोंबडी कापून पाहू नका, सोलू नका, खाऊ तर मुळीच नका, आणि स्वतः गाडीवर घालून दवाखान्यातही नेऊ नका. मास्क, हातमोजे घालून दोन पिशव्यांत बांधून बाजूला ठेवा आणि १९६२ वर किंवा तालुक्याच्या दवाखान्यात कळवा. नमुने पाठवायचं काम त्यांचं. ते पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे आणि तिथून भोपाळच्या संस्थेकडे जातात. २००९ च्या प्राणीरोग कायद्याप्रमाणे असा संशय कळवणं मालकाला बंधनकारकच आहे. रोग निश्चित झाला तर एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या नष्ट करतात, म्हणून लोक दडवतात. पण भरपाई मिळते ती सरकारने नष्ट केलेल्या कोंबड्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे दडवणाऱ्याचंच नुकसान. आणि कोंबड्या हाताळणाऱ्या कुणाला पुढच्या काही दिवसांत ताप-खोकला आला तर डॉक्टरांना कोंबड्यांबद्दल आपणहून सांगा.

एरवी एखादी कोंबडी मेली आणि डॉक्टरांनी शवविच्छेदन करू म्हटलं, तर ती बर्फावर ठेवून त्याच दिवशी न्या, फ्रीजरमध्ये गोठवू नका. पुरायची असेल तर विहीर-बोअरपासून लांब, कुत्रं उकरणार नाही इतका खोल खड्डा, वरखाली चुना. घंटागाडीत टाकू नका आणि नदी-नाल्यात तर नाहीच. गोदावरीच्या काठाने जाताना पाण्यात फेकलेली गोणी मी पाहिली आहे. खाली धुणं धुणाऱ्या बायका होत्या.

लस आणि साफसफाई

नवीन आणण्याच्या दोन-तीन आठवडे आधी जुन्यांची मानमोडीची लस पूर्ण करून घ्या, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. पिल्लांना पाच-सात दिवसांची असताना लासोटा या लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे बूस्टर, आणि आठ आठवड्यांनंतर आर टू बी ही लस टोचून, असा साधारण क्रम आहे. नव्यांना आल्या-आल्या नको, चार-पाच दिवस सावरू द्या आणि निरोगी असतील तरच. लसीची बाटली शंभर डोसांच्या पुढची असते आणि आपल्याकडे कोंबड्या दहा. आमच्या गल्लीत सहा घरं मिळून एकच बाटली आणतात, बर्फाच्या थर्मासमध्ये, एका सकाळी, आणि कालवल्यापासून दोन तासांच्या आत संपवतात. घरोघर फिरताना लस देणारा मात्र प्रत्येक दारात हात-पाय धुतो. पाण्यातून लस द्यायची तर नळाचं क्लोरीनचं पाणी चालत नाही, विहिरीचं घ्या.

खुराड्यात रोग होऊन गेला असेल तर आधी सगळं तूस, विष्ठा, पिसं खरवडून काढा. घाणीवर जंतुनाशक ओतणं म्हणजे मातीवर पाणी शिंपडणं. मग साबणाच्या पाण्याने घासा, मानमोडी आणि बर्ड फ्लू दोन्हींचे विषाणू साबणाने मरतात. वाळल्यावर दहा भाग पाण्यात एक भाग घरगुती ब्लीच. त्यात संडास धुण्याचं अॅसिड मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. मग चुन्याचा हात, आणि महिना-दीड महिना खुराडं रिकामं. हा रिकामा काळ सगळ्यांना नकोसा वाटतो. मी तेव्हा तिथे मेथी लावली होती.

मिसळताना

तीस दिवस सगळं सुरळीत गेलं तरी वाहकाचा प्रश्न उरतोच. त्यासाठी शेवटच्या दहा-पंधरा दिवसांत जुन्यांपैकी एक कोंबडी, अंडी कमी झालेली, नव्यांच्या पिंजऱ्यात नेऊन ठेवा. ती धडधाकट राहिली तर पुढे जा. ती पडली तर एकच गेली, अकरा नाहीत. थोडं निष्ठुर आहे, कबूल.

मग आठवडाभर दोन्ही कळप जाळीच्या आडून एकमेकांना पाहू देत. खाद्याची भांडी दोन-तीन जागी मांडा, म्हणजे दुबळीलाही खाता येईल. सोडताना सकाळीच सोडा, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं. दोन-तीन दिवस टोचाटोची होणारच, रक्त निघालं तरच मध्ये पडा. वही आणखी दोन आठवडे चालू ठेवा आणि रात्रीचं दोन मिनिटं उभं राहणंही.

माझ्या त्या उरलेल्या तिघी म्हाताऱ्या होऊन गेल्या. त्या असेपर्यंत मी एकही नवी कोंबडी आणली नाही, कारण तेव्हा वाहक माझ्याच दारात असण्याची शक्यता होती. आता आठ आहेत. मागच्या महिन्यात हरसूलहून बहिणीने दोन पाठवल्या, त्या अजून गच्चीवर आहेत. आज बावीसावा दिवस. धाकटी काल रात्री एकदा शिंकली, लिहून ठेवलंय.